नखाएवढा तुकडा

मावशी आल्या तेव्हा त्यांच्या कमरेच्या पिशवीत विरळणीची कात्री तशीच होती. डिसेंबरचे दिवस, दिंडोरीकडची द्राक्षबाग. ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि त्या उजव्या तळहातावर पडल्या. वय चोपन्न. मुलगा मोटरसायकलवरून घेऊन आला होता, हात ओढणीत बांधलेला.

एक्स-रे पाहिला. रेडियसचं, म्हणजे अंगठ्याकडच्या हाडाचं मनगटाजवळचं टोक मोडून तळहाताच्या बाजूला सरकलं होतं. मोड थेट सांध्यात गेलेली.

"प्लास्टरमध्ये नाही का भागणार?" मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. अब्राहम कोलिसने १८१४ मध्ये मनगटाच्या मोडीचं वर्णन केलं तेव्हा एक्स-रे नव्हता, हाड धरून ठेवणारी धातूची प्लेट तर नव्हतीच. आजही वयस्कर माणसांची कित्येक मनगटं प्लास्टरमध्ये छान जुळतात, आणि दिसलं मनगट की टाक प्लेट, या घाईच्या मी विरोधात आहे. पण ही मोड तिरपी होती. उतारावर ठेवलेल्या पोत्यासारखी ती प्लास्टरमध्येही घसरत राहते. रेडियसवर मनगटाच्या भाराचा साधारण ८० टक्के वाटा येतो, आणि मूठ आवळली की मुठीच्या जोराच्या अडीच पटीहून जास्त दाब मोडीवर पडतो. मावशींचं पोट त्या मुठीवर होतं.

सीटी स्कॅन मी करून घेतला नाही. एक्स-रेवर चित्र पुरेसं स्पष्ट आहे असं मला वाटलं. मुलाने खर्चाचं विचारलं आणि मी विषय सोडून दिला. ही चूक माझी.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. फक्त हात बधिर केला होता, मावशी जाग्या होत्या. तळहाताच्या बाजूने छेद घेतला, स्नायू बाजूला केला, हाड जागेवर आणलं, प्लेट बसवली. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात. ते प्लेटच्या छिद्रातल्या आट्यांत घट्ट बसतात आणि प्लेट-स्क्रू मिळून एकच सांगाडा तयार होतो. साध्या प्लेटची भिस्त स्क्रूने हाडात धरलेल्या पकडीवर असते. हाड ठिसूळ असेल तर ती पकड सुटते. इथे पुढचे स्क्रू सांध्याच्या पृष्ठभागाच्या अगदी खाली, छपराखालच्या वाशांसारखे ओळीने बसतात आणि वरचा भार पेलून धरतात.

सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, समोरून पाहिलं, सुरेख. बाजूने पाहिलं, तेही ठीक. सिस्टर टाके घालायची तयारी करू लागल्या. टाक्यांआधी मनगट हलवून बघायची माझी सवय आहे. बाजूचं चित्र चालू ठेवून मनगट हळूच वाकवलं, आणि लुनेट हे मनगटातलं छोटं हाड तळहाताकडे सरकलं. दोन-तीन मिलिमीटर असेल. पुन्हा वाकवलं, पुन्हा सरकलं.

रेडियसच्या टोकाला, करंगळीच्या बाजूला, तळहाताकडचा एक कोपरा असतो. लुनेट त्याच्यावर टेकतं आणि त्याला धरणारा आखूड लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टाही तिथेच चिकटलेला असतो. तो कोपरा नखाएवढ्या तुकड्यात वेगळा झाला होता आणि माझी प्लेट त्याच्या अलीकडेच संपत होती. बाकी सगळे स्क्रू पक्के, आणि ज्याच्यावर सांधा तोललेला तोच तुकडा मोकळा.

"टूर्निकेटला सत्तर मिनिटं झाली," भूलतज्ज्ञांनी आठवण करून दिली. टूर्निकेट म्हणजे दंडावर आवळलेला, हाताकडचं रक्त थांबवणारा पट्टा. पडद्यापलीकडून मावशींनी विचारलं, "झालं का डॉक्टर?"

"नाही मावशी. एक तुकडा नीट धरायचा राहिलाय. अजून थोडा वेळ द्या."

"घ्या की. नीट करा, बाबा."

प्लेट काढली. छेद करंगळीकडे थोडा वाढवला, मज्जातंतू आणि शिरा जपून बाजूला घेतल्या. तुकडा बारीक तारेने जागेवर धरला. ट्रेमध्ये रुंद डोक्याची प्लेट होती. ती करंगळीकडे आणि थोडी पुढे सरकवून बसवली, म्हणजे कोपऱ्याला खालून टेकू मिळाला. तुकड्यात स्क्रू घातला असता तर तो फुटला असता. म्हणून लिगामेंटमधून जाड, न विरघळणारा दोरा ओवून प्लेटच्या छिद्राला बांधला. मग मनगट पुन्हा वाकवलं. तिघेही सी-आर्मच्या पडद्याकडे बघत होतो. लुनेट जागचं हललं नाही. मागच्या बाजूला एखादा स्क्रू जास्त बाहेर आलेला नाही ना, तेही पाहून घेतलं, कारण तिथून अंगठा सरळ करणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी जाते.

प्लेट इतकी पुढे बसवण्याची किंमत असते. हाडाच्या कडेवर आलेल्या धातूवर अंगठा वाकवणारी कंडरा घासत राहिली तर ती पुढेमागे तुटू शकते. संध्याकाळी वॉर्डात दोघांना हे सगळं सांगितलं, स्कॅन न केल्याचंही. मुलगा गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे बागेतला कडेचा खांबच. तो हलला की अख्खी ओळ झुकते."

मावशींची चिंता वेगळी होती. "अंगठा चालंल ना? कात्री अंगठ्यावरच चालती." बधिरपणा उतरत होता. मी म्हटलं, वाकवून बघा. अंगठ्याचं टोक हळूहळू वाकलं. चादरीची कड त्यांनी अंगठा आणि बोटात धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही.

तेव्हापासून मोड सांध्यात गेलेली असेल तर स्कॅनशिवाय मी ऑपरेशनची तारीख देत नाही. पैशाची अडचण असेल तर त्यावर बोलतो, पण विषय सोडत नाही.

दोन आठवड्यांनी टाके काढले, सहा आठवड्यांनी एक्स-रे. बाजूच्या चित्रात तो कोपरा ऑपरेशनच्या टेबलावर बसवला होता तिथेच होता. हाड जुळत आलं होतं. प्लेट नंतर काढावी लागेल हे मी पुन्हा सांगितलं, आणि अंगठा वाकवताना काही खरखरलं तर थांबायचं नाही, लगेच यायचं, हेही.

"काढा," मावशी म्हणाल्या, "पण ऑक्टोबरात नको. छाटणी असते."

त्यांच्या फाइलवर मी सप्टेंबर लिहिलं.