हर्नियाच्या ऑपरेशननंतर जांघेतली नस दुखत राहते तेव्हा

टाके कधीच सुकले, सोनोग्राफीत हर्निया परत आलेला नाही, तरी खुर्चीतून उठताना जांघेत करंट बसतो आणि आतल्या चड्डीचं कापडही टोचतं. अशा वेळी ‘ऑपरेशन झालंय, थोडं दुखणारच’ या उत्तरावर गप्प बसू नका. ३ महिन्यांपुढे टिकलेल्या दुखण्याचं वेगळं निदान व्हायला हवं, आणि तेही औषधं बदलत बसण्याआधी.

बहुतेक वेळा संशय तीन नसांवर असतो (नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे). इलिओइंग्वायनल नस मांडीच्या वरच्या आतल्या भागाकडे आणि जननांगाच्या मुळाशी जाते, इलिओहायपोगॅस्ट्रिक जांघेच्या हाडाच्या वर ओटीपोटाकडे, आणि जेनिटोफिमोरलची एक फांदी पुरुषांत अंडकोशाकडे, स्त्रियांत बाहेरच्या ओठाकडे. यांतली एखादी टाक्यात अडकते, हर्निया झाकायला आत बसवलेल्या जाळीभोवतीच्या घट्ट वणात ओढली जाते, किंवा कापलेल्या टोकाशी गाठ धरते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होत असेल तर नस वेगळी असते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जाळी ठोकून बसवताना ती अडकू शकते.

जळजळ, करंट, मुंग्या आणि हलक्या स्पर्शाने होणारी वेदना ही नसेची भाषा. खोलवर ओढ, दाबल्यावर एकाच जागी ठणका, असं असेल तर जाळी, स्नायूचा कंडरा किंवा खुब्याचा सांधाही तपासावा लागतो. बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं. घरी एक काम नक्की करा: कापसाचा बोळा त्वचेवरून फिरवा आणि पेनाने खुणा करा. जास्त झोंबतं तिथे अधिक, बधिर तिथे उणे, नेहमीसारखं तिथे शून्य. फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. या नसांचे प्रदेश एकमेकांवर चढतात, म्हणून नकाशा फक्त दिशा दाखवतो.

खात्री करून देतो तो नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस तात्पुरती बधिर करणारं इंजेक्शन. पहिल्या दोन नसांसाठी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ, सोनोग्राफीत बघत, पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये लिग्नोकेन किंवा बुपिवाकेन हे बधिर करणारं औषध सोडतात. इथे चूक होते ती इंजेक्शननंतर. रुग्ण पलंगावर पडून राहतो आणि ‘बरं वाटतंय’ म्हणतो. ज्या हालचालीने दुखतं तीच, आधाराला माणूस धरून, करून बघायला हवी: उठणं, जिना, वाकणं. वेदना निम्म्याहून कमी झाली तर नस सापडली असं समजायला आधार मिळतो. त्वचा बधिर झाली पण दुखणं तसंच राहिलं, तर मूळ बहुधा दुसरीकडे आहे. त्वचा बधिरच झाली नाही, तर ब्लॉक चुकला. त्यावरून निष्कर्ष काढू नये. औषध पसरून काही तास पाय लुळा पडू शकतो, म्हणून त्या दिवशी गाडी चालवू नका.

साध्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन साधारण रात्री ३०० मिलिग्रॅमने किंवा अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमने सुरू करून हळूहळू वाढवतात. ‘गोळी लागू पडली नाही’ असं म्हणणारे पुष्कळजण सुरुवातीच्या डोसवरच दोन आठवड्यांत थांबलेले असतात. योग्य डोसवर ४ ते ६ आठवडे द्यावे लागतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर गॅबापेंटिनचा डोस कमी लागतो, दारू किंवा ट्रामाडोलसारख्या तीव्र वेदनाशामकासोबत श्वास मंदावण्याचा धोका असतो, आणि ते एकदम बंद करायचं नाही. अमिट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठ होतं आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. कुंथण्याने जांघ पुन्हा पेटते, त्यामुळे पोट साफ राहणं हा इथे उपचाराचाच भाग आहे. अंडकोश सोडून दुखऱ्या अखंड त्वचेवर ५ टक्के लिडोकेनचा (म्हणजेच लिग्नोकेनचा) पॅच १२ तास लावून १२ तास काढून ठेवता येतो.

बसण्याकडे दुर्लक्ष होतं, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. खोल सोफ्यात खुबा दुमडतो आणि जांघेतलं वण चिमटतं. आसन उंच घ्या, गुडघे खुब्याच्या खाली राहू द्या, पट्टा दुखऱ्या रेषेवर येऊ देऊ नका, दर अर्ध्या तासाने उभे राहा. अंथरुणातून सरळ उठू नका. कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. त्वचा झोंबत असेल तर आधी रेशमी, मग सुती, मग खरखरीत कापड, दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं फिरवा. बधिर भागावर गरम पिशवी नको, भाजलेलं कळत नाही. चालणं दुखण्याच्या थोडं अलीकडे थांबवा आणि आठवड्याला थोडंच वाढवा. बऱ्या दिवशी दुप्पट चालून पुढचे तीन दिवस झोपून काढणं, याच चक्रात लोक वर्षं घालवतात.

ताप, जखमेतून पू, कडक फुगवटा आणि उलट्या, अचानक सुजलेलं वृषण किंवा लघवी अडणं, यांत वाट बघू नका. त्याच दिवशी दाखवा.

पुढचे टप्पे म्हणजे पल्स्ड रेडिओफ्रीक्वेन्सी (सुईतून नसेला विद्युतलहरींचे छोटे झटके देणं) आणि, किमान सहा महिने इतर उपाय करूनही फरक न पडल्यास, तिन्ही नसा कापण्याचं ऑपरेशन. ते या कामाचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच करावं. त्या भागाची बधिरता कायमची राहते, आणि नसा पाठीकडून वर कापल्या तर कुशीचा स्नायू सैल पडून फुगवटा दिसू शकतो. जाळीही काढायची ठरली तर वृषणाच्या रक्तपुरवठ्याला किती धोका आहे, हे सही करण्याआधी विचारा. आणि दुखणं मुख्यतः वृषणातच असेल तर तेही स्पष्ट सांगा, कारण या तीन नसा कापून ते अनेकदा जात नाही. वृषणाच्या नसा वीर्यवाहिनीभोवती वेगळ्या असतात.