कापसाचं बोंड आणि कोळशाचा खडा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिही म्हणून फोन आला तेव्हा मला पहिले आठवला तो आठवीतला भूगोलाचा तास. आमचे सर एका हातात कापसाचं बोंड आणि दुसऱ्या हातात कोळशाचा खडा घेऊन वर्गात आले, दोन्ही टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "सांगा पोट्टेहो, यातलं काय कुठं न्यायचं?"

आम्ही सगळे ओरडलो, मुंबईला! कारण गिरण्या म्हणजे मुंबई हेच डोक्यात. सर म्हणाले बरोबर, आधी तसंच व्हायचं, आपल्या विदर्भातला कापूस मुंबईला जायचा आणि कापड होऊन इकडे परत यायचं. मग त्यांनी फळ्यावर खडूनं भुसावळ, बडनेरा, वर्धा, नागपूर अशी रेघ ओढली, 1867 मध्ये जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली ती ही लाइन. वर्ध्याहून खाली वरोऱ्याला फाटा काढला, तिथं कोळशाची खाण होती. कापूस जवळ, कोळसा जवळ, माल पाठवायला रूळ दारात, म्हणून जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून इथं नागपुरात गिरणी काढली. जागा होती जुम्मा तलावाच्या काठची दलदलीची, ती भरून काढायचा खर्च बघून एका सावकारानं म्हणे म्हटलं होतं की हा माणूस सोनं मातीत घालतोय. 1 जानेवारी 1877 ला मिल सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल.

आणि मॅनेजर कोण नेमला तर बेझनजी दादाभाई, जे आधी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात होते, कापड गिरणीचा अनुभव शून्य! हे मला तेव्हापासून फार आवडतं. माल कुठून येतो, कुठं अडतो, हे ज्याला कळतं तोच गिरणी चालवू शकतो असं जमशेटजींनी ओळखलं असणार, असं मला वाटतं.

मग सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं, कारण माझे बाबा त्याच मिलमध्ये विणाई खात्यात होते हे त्यांना माहीत होतं, आणि रेघेच्या टोकाला माझ्या हातानं फुली मारून घेतली. आख्ख्या वर्गासमोर. त्या दिवशी मी घरी पळतच गेलो. बाबा पाळी संपवून आले होते, केसात, भुवयांवर रुईचे पांढरे तंतू, तसेच अंगणात बसलेले. मी सगळं सांगितलं, वरोरा, दलदल, बेझनजी, सगळं. बाबा कितीतरी वर्षं रोज भोंगा झाला की त्या फाटकातून आत जायचे पण ती मिल तिथंच का आहे हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग आईला हाक मारली, शेजारच्या काकांनाही बोलावलं, ते पण मिलमधलेच, आणि मला म्हणाले, "आता पहिल्यापासून सांग बरं, हळू सांग."

मिल 2002 मध्ये बंद झाली. सरांचा तो खडा अजून माझ्याकडे आहे.