कॅनचा चेहरा

"हा ओरडतोय, की तहानलाय?" आईने विचारलं.

सकाळी माळा आवरताना रॉकेलचा जुना प्लास्टिक कॅन निघाला. भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवला, आणि मला एकदम रोमुआल्ड हाझूमे आठवला. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनचा कलावंत. टाकून दिलेल्या पेट्रोलच्या कॅनमधून तो चेहरे करतो. मूठ होते नाक, ओतायचं भोक होतं उघडं तोंड. आईला मोबाइलवर तेच दाखवत होते.

त्याच्या 'ला बूश दु र्वा' या कलाकृतीत असे 304 चेहरे आहेत. खेटून खेटून मांडलेले, 1789 मध्ये लंडनला छापलेल्या 'ब्रूक्स' या गुलामवाहू जहाजाच्या चित्रासारखे. 2007 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये ही कलाकृती मांडली, तेव्हा ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली त्याला 200 वर्षं झाली होती.

आणि कॅन कुठले? नायजेरियातून चोरटं पेट्रोल वाहणाऱ्यांचे. जास्त मावावं म्हणून ते जाळावर धरून फुगवतात. प्लास्टिक पातळ होत जातं, कधी फुटतं. माणसांचंही असंच केलं होतं ना? मावतील तेवढी कोंबायची. हे कळल्यापासून ती उघडी तोंडं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या चित्रात कुणाची नावं लिहिलीत का गं?"

नाहीत. नुसत्या आकृत्या, ओळीने झोपवलेल्या.

भंगारवाल्याची हाक आली, तेव्हा तिने कॅन उचलून आत नेला. मी काही विचारलं नाही.