फितूर, गर्नाल आणि डोंगर का पाणी

मी गोव्यात साखळीला गणिताच्या शिकवण्या घेते. सातवी ते दहावी. बुद्धिबळातलं मला फार कळतं अशातला भाग नाही. पण वर्गात दोन-तीन पट पडलेले असतात, त्यावर मुलं खेळतात आणि त्यांची भांडणं मी सोडवते. त्यामुळे स्पर्धा भरवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

पहिली स्पर्धा गेल्या मे महिन्यात झाली. साधंच बुद्धिबळ, मोबाइलवर, दहा-दहा मिनिटांचे डाव. ती जिंकली एका मुलाने, जो आदल्याच आठवड्यात वर्गात माझ्या डोळ्यांसमोर दोनदा वजीर फुकट देऊन बसला होता. म्हटलं, सुधारला असेल. मग त्याचे डाव उघडून बघितले. सोपी चाल असो की अवघड, प्रत्येकीला सहा-सात सेकंद. समोरचा वजीर नुसता उचलायचा होता, तिथेही सात सेकंद! दुसऱ्या हातातल्या फोनवर चाल विचारायची आणि ती इकडे खेळायची, याला तेवढाच वेळ लागतो. चार दिवसांत साइटवाल्यांनीच त्याचं खातं बंद केलं. त्याची आई माझ्याकडे आली ती माझ्यावरच चिडून. ते प्रकरण इथे वाढवत नाही.

पण तेव्हापासून डोक्यात होतं की पुढची स्पर्धा साध्या बुद्धिबळाची ठेवायची नाही. नियम बदललेले डाव ठेवायचे. त्यांनाही चाली सांगणारी इंजिनं आहेत, फेअरी-स्टॉकफिश नावाचं तर त्यासाठीच बनवलेलं आहे. पण बाबांच्या फोनवर असतं ते साधं अॅप, आणि त्याला साधंच बुद्धिबळ येतं. एवढी शोधाशोध करणारा मुलगा असेल तर तो माझ्याकडे शिकवणीला कशाला येईल?

नोव्हेंबरमध्ये हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. परीक्षा तोंडावर होत्या म्हणून आम्ही कोणी गेलो नाही, मोबाइलवरच पाहिला. उझबेकिस्तानचा सिंदारोव 19 वर्षांचा असताना जिंकला आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटायला लागलं की आपल्याला अजून चार-पाच वर्षं आहेत. हा उत्साह ओसरायच्या आत नाताळची सुट्टी गाठायचं ठरवलं.

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर नेहमीचं बुद्धिबळ सोडून आठ प्रकार आहेत. फुकट, जाहिरात नाही, आणि कोणीही स्वतःची स्पर्धा लावू शकतो: प्रकार निवडायचा, घड्याळ निवडायचं, परवलीचा शब्द ठेवायचा, झालं. चार संध्याकाळी, रोज दोन प्रकार, प्रत्येकी चाळीस मिनिटं. एवढं सोपं. अडलं ते नावांवर. पहिल्या दिवशी फळ्यावर इंग्रजी नावं लिहिली तर मुलं नुसती बघत राहिली. म्हणून ती पुसली आणि आपली लिहिली.

चेस960 म्हणजे पिसलेला डाव. अँटिचेस म्हणजे उलटा डाव. थ्री-चेक म्हणजे तीन शह, त्यात डोकं लावायला नको. ज्यात राजाला पटाच्या मधल्या चार घरांपैकी एकात नेऊन बसवलं की जिंकलं, तो डोंगर का पाणी. ज्यात दोन्ही राजे आठव्या ओळीकडे धावतात आणि कोणी कोणाला शह द्यायचाच नाही, ती शर्यत. क्रेझीहाउस म्हणजे फितूर. मारलेला मोहरा मरत नाही, मारणाऱ्याच्या खिशात जातो आणि पुढे त्याच्याच बाजूने पटावर उतरतो. हे नाव सांगितल्यावर नियम समजावायचीही गरज उरली नाही. अॅटॉमिक म्हणजे गर्नाल. देवळात गर्नाल उडते तेव्हा आसपासच्या सगळ्यांच्या कानठळ्या बसतात, तसंच इथे: मोहरा मारला की मारणारा, मरणारा आणि भोवतीच्या आठ घरांतले सगळे उडतात. भोवतीची प्यादी तेवढी वाचतात. आणि हॉर्ड म्हणजे जत्रा, कारण पांढऱ्याकडे राजाच नसतो, नुसती 36 प्यादी.

जत्रेच्या दिवशी पहिल्याच मिनिटाला मला चार जणांचे फोटो आले. खाली एकच वाक्य, "टीचर, हँग झालं." अर्धा पट प्याद्यांनी गच्च भरलेला बघून त्यांना वाटलं फोन बिघडला.

पिसलेल्या डावाने मात्र माझा एक तास सत्कारणी लागला. 1996 मध्ये बॉबी फिशरने ब्युनोस आयरिसला हा प्रकार जाहीर केला. मागच्या ओळीतले मोहरे पिसायचे, पण दोन अटींवर: दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मधे. दहावीच्या मुलांना विचारलं, अशा मांडण्या किती? एक उंट पांढऱ्या चारपैकी एका घरात, दुसरा काळ्या चारपैकी, झाले 16. उरलेल्या सहा घरांत वजीर, 6. मग पाच घरांत दोन घोडे, 10. राहिली तीन घरं, त्यात हत्ती-राजा-हत्ती याशिवाय दुसरं काही बसतच नाही. 16 गुणिले 6 गुणिले 10. उत्तर आल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी "अरे, नावातच आहे!" म्हणून ओरडलं. आपण नेहमी खेळतो ती मांडणी या यादीत 518 क्रमांकाची आहे. ते ऐकून एक मुलगी म्हणाली, "मग बाकीच्यांनी काय पाप केलं?" मला त्यावर उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

(कॅसलिंगचा, म्हणजे राजा-हत्तीच्या जोडचालीचा, घोळ त्या दिवशी शेवटपर्यंत निस्तरला नाही. इथे राजा उचलून हत्तीवर ठेवावा लागतो आणि आपल्याच हत्तीला मारतोय असं वाटून मुलं घाबरतात.)

दुसऱ्या संध्याकाळी साडेआठला स्पर्धा लावली आणि चोवीसमधले अकराच जण आले. नेटवर्क असेल म्हणून केरीच्या मुलाला फोन केला. त्याच्याकडे फक्त गच्चीवर रेंज येते. उचलला आजीने. म्हणाली, फोन ह्याच्या आईकडे आहे, ती मांडावर गेली. तेव्हा लक्षात आलं. पौष लागला होता, गावागावांत धालो, म्हणजे मांडाच्या अंगणात बायकांची नाच-गाणी, सुरू झाले होते, आणि फोन मुलांचे कुठे असतात, आयांचे असतात! त्या मांडावर धालो खेळत होत्या आणि व्हिडिओ काढत होत्या. तक्रार कोणाकडे करणार? मी स्वतः लग्न होऊन आल्यापासून एक वर्ष चुकवलेलं नाही, ह्याच वर्षी या बुद्धिबळापायी घरात बसले होते. पुढच्या दोन्ही दिवशी साडेसहाला लावली.

आता गुणांचं. लिचेसच्या अरीना नावाच्या स्पर्धेत फेऱ्या नसतात. डाव संपला की लगेच पुढचा जोडीदार मिळतो आणि वेळ संपेपर्यंत खेळत राहायचं. विजयाला दोन, बरोबरीला एक, आणि लागोपाठ दोन जिंकले की तिसऱ्यापासून दुप्पट. ज्यांची लाइट जाते त्यांच्यासाठी हे बरं, कारण परत येऊन पुढे खेळता येतं. पण शांतपणे विचार करून खेळणाऱ्याचं यात नुकसान होतं. तो एक डाव नीट जिंकेपर्यंत दुसरा तीन हरून दोन जिंकलेला असतो. आठही प्रकारांच्या गुणांची नुसती बेरीज केली असती तर शर्यतीत दुपटी लागलेल्या एका मुलाने सगळी स्पर्धा एका संध्याकाळी नेली असती. म्हणून मी वहीत फक्त क्रमांक घेतले: पहिल्याला दहा, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला सात, आणि असंच खाली.

तरी गर्नालच्या रात्री भांडण झालंच. अरीनात डाव सुरू होताना एक बटण असतं, ते दाबलं की आपली वेळ निम्मी होते, आणि जिंकलो तर एक गुण जास्त मिळतो. आमच्या एका पठ्ठ्याने ते दर डावाला दाबलं आणि धडाधड जिंकत गेला. साडेसातला त्याचा फोन, "टीचर, माझे जादा गुण खाल्ले." डाव उघडले. सगळे तीन चालींचे. पांढऱ्याचा राजाकडचा घोडा बाहेर येतो, दुसऱ्या चालीला पटाच्या मधे घुसतो, आणि तिसऱ्या चालीला काळ्या राजाला तिरकं चिकटून असलेल्या दोन प्याद्यांपैकी एक मारतो. घोडा गेला, प्यादं गेलं, आणि बाजूला उभा राजाही गेला. काळ्याने पहिल्याच चालीला राजाच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवलं असतं तर घोड्याला तिथे पाऊल ठेवता आलं नसतं. ही एक चाल माहीत नसलेल्या चौघांना त्याने ओळीने उडवलं होतं. पण जादा गुणाला डाव निदान सात चालींचा झालेला लागतो. ते त्याला समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे मी हळू जिंकायला पाहिजे होतं?" म्हटलं, हो. त्याला हे अजिबात पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं नाही.

पणजीला कोचिंगला जाणारा आमचा एक मुलगा आहे, रेटिंगवाला. उलट्या डावात मारणं सक्तीचं असतं आणि ज्याचे सगळे मोहरे संपतात तो जिंकतो. राजालाही काही मान नाही. या मुलाने सवयीने पांढऱ्यातून राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. दर डावाला. या खेळात ती चाल हरणारी आहे हे सिद्ध झालेलं आहे. तेच प्यादं एकच घर सरकवलं तर पांढरा नक्की जिंकतो, हे 2016 मध्ये मार्क वॉटकिन्स यांनी संगणकावर पूर्ण सोडवून दाखवलं. आमच्या सातवीच्या पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण दोन घरं पुढे आलेल्या प्याद्यामागून उंट ओढून काढता येतो आणि मग तो भटकत खात सुटतो, हे त्यांना दुसऱ्याच डावात कळलं. त्या संध्याकाळी तो चौदावा आला.

आता आप्पांविषयी. आप्पा माझे सासरे, वय चौऱ्याहत्तर. ते देशी नियमांनी खेळत आलेले: प्यादं एकच घर चालणार, राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्याची उडी, आणि प्यादं पलीकडे पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घराचा मोहरा व्हायचा, वाटेल तेव्हा वजीर नाही. एकजण कमी पडत होता म्हणून फितूरच्या दिवशी त्यांना बसवलं. मला काळजी होती ती मोहरे खिशातून पटावर उतरवण्याची. त्यांनी ते एकदा ऐकलं आणि लागले खेळायला. खटके उडाले ते समोरच्याचं प्यादं दोन घरं आलं की. "हे कसलं गो? ह्याला कोणी परवानगी दिली?" ह्या एका गोष्टीवर दर डावात पाच सेकंद जात होते आणि घड्याळ तीन मिनिटांचं.

तिसऱ्या डावाला त्यांच्यासमोर आली माझी बेळगावची भाची, सातवीतली. आप्पांना माहीत नव्हतं, टोपणनावच दिसतं. त्यांचा राजा कोपऱ्याजवळ, तिचा घोडा आणि उंट भोवतीची घरं धरून बसलेले. तिच्या खिशात एकच प्यादं. ते तिने राजाच्या तिरक्या समोर ठेवलं. आप्पांनी फोन जवळ घेतला, चष्मा वर केला, मग परत खाली केला. राजाला बोट लावून बघितलं, एकही घर हिरवं होईना. मला वाटलं आता चिडणार. ते म्हणाले, "प्यादेमात!" आणि आणखी एकदा, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं, "अगो, प्यादेमात झाली!" हरले होते ते स्वतः. त्यांच्या खेळात याच्यापेक्षा मोठी मात नाही. मग मागच्या चाली उलट्या नेत गेले आणि दहा-बारा चालींमागे थांबले. "हे बघ. माझंच आहे हे प्यादं. इथे मारलं तिने." मी त्यांना सांगितलं की जपान्यांच्या शोगीतही मारलेले मोहरे असेच उतरवतात, पण हातातलं प्यादं ठेवून थेट मात करायला मनाई आहे. "मग त्यांना खेळ कळला नाही," आप्पा म्हणाले, आणि पुढचा डाव वेळ संपून हरले.

एकूणात पहिला कोण आला? तोच, पणजीच्या कोचिंगवाला. उलट्या डावातला चौदावा नंबर धरूनसुद्धा. दुसरी बेळगावची भाची. बक्षिसं म्हणून वह्या आणि एक भूमितीची पेटी. ती त्याच्याकडे आधीच होती, म्हणून त्याने भाचीला दिली आणि तिच्या वाट्याच्या वह्या घेतल्या. यात मी पडले नाही.

आता मुलांना चौघांचा डाव हवाय: दोन पट शेजारी, दोन जोड्या, एकाने मारलेले मोहरे दुसऱ्या पटावरच्या जोडीदाराला द्यायचे. लिचेसवर तो नाही, आणि मला तो मोबाइलवर नकोच आहे. येत्या शनिवारी चार वाजता वर्गातच. पट तीन आहेत, पण एकातला काळा घोडा गेल्या पावसाळ्यापासून सापडत नाही. त्याच्या जागी आम्ही सोड्याच्या बाटलीचं बूच चालवतो. कोणाच्या घरी जादा घोडा असेल तर पाठवा. पांढरा असला तरी चालेल, रंग आम्ही मारू.