तारखा बघ

नववीत असताना भित्तिपत्रकासाठी मी एक लेख लिहिला होता. इंग्रजीच्या सरांनी तो परत दिला, तेव्हा खाली लाल शाईत एवढंच होतं : ‘द रेव्हन १८४५. पत्नीचा मृत्यू १८४७. तारखा बघ.’

लेख अमेरिकन कवी-कथाकार एडगर ॲलन पोवर होता. बायको गेली आणि त्या दुःखात त्याने ‘द रेव्हन’ ही कविता लिहिली, असं मी बिनदिक्कत ठोकून दिलं होतं.

पोचं वेड सरांनीच लावलं. ऑफ तासाला ते त्याची ‘द टेल-टेल हार्ट’ ही कथा सांगायचे. जमिनीच्या लाकडी फळ्यांखाली पुरलेल्या म्हाताऱ्याचं काळीज धडधडू लागलं की डस्टर टेबलावर हळूहळू आपटायचे. खडूची भुकटी उडायची आणि पुढच्या बाकावरच्या मुली कानांवर हात ठेवायच्या.

त्याचं आयुष्यही सरांनीच सांगितलं. १८११ मध्ये आई वारली तेव्हा पो तीन वर्षांचाही नव्हता. सांभाळणारी दुसरी आई १८२९ मध्ये गेली. तो पलटणीतून पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. बायको व्हर्जिनिया १८४२च्या जानेवारीत गाता गाता थांबली, तोंडातून रक्त आलं. क्षय. पाच वर्षांनी न्यूयॉर्कजवळच्या फोर्डहॅमच्या लहानशा घरात ती गेली. शेवटच्या थंडीत अंगावर नवऱ्याचा जुना लष्करी कोट आणि ऊब यावी म्हणून छातीवर घरचं मांजर. वय २४. पोची आई गेली तीही २४व्या वर्षीच.

मेलेल्या प्रेयसीसाठी झुरणाऱ्या माणसाच्या खोलीत येऊन बसणारा ‘रेव्हन’मधला पक्षी म्हणजे डोमकावळा, असं सरांनी सांगताच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, पिंडाला शिवायला आला असेल!” वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “आपल्याकडे कावळा यावा म्हणून माणसं ताटकळतात. याच्याकडे आलेला जातच नाही.”

मला त्या लाल शाईचा राग आला होता. दोन वर्षं इकडेतिकडे, काय बिघडलं? पुढे कॉलेजात पो मुळातून वाचला आणि घोळ वाढलाच. मेलेली बाई परत येते ती ‘लिजिया’ १८३८ची. जिवंतपणी पुरलेली बहीण शवपेटीतून उठून येते ती अशरच्या वाड्याची कथा १८३९ची. व्हर्जिनिया तेव्हा धडधाकट होती. त्यातून पोने १८४६ मध्ये एक लेख लिहून ‘रेव्हन’ आपण गणित सोडवावं तशी पायरीपायरीने रचली, असं सांगून टाकलं. मला ते कधी पूर्ण पटलं नाही. शेजारच्या खोलीत बायको खोकत असताना कुणी असा हिशेब मांडत बसत असेल, तर तो मन दुसरीकडे लावायलाच.

तारखांचा अर्थ लागला तो आईच्या आजारपणात. तिचं डायलिसिस दोन वर्षं चाललं. तेवढ्यात डॉक्टरांनी तीनदा “नातेवाइकांना बोलावून घ्या” म्हटलं. तिन्ही वेळा पुण्याहून, नाशकाहून माणसं आली आणि तिन्ही वेळा आई उठून बसली. एकदा तर म्हणाली, “एवढे सगळे जमलात, चहा तरी टाका.” आम्ही हसलो. मी गॅलरीत जाऊन रडलो, कारण आदल्या रात्री मनातल्या मनात तिला पोचवून आलो होतो.

पोने १८४८च्या एका पत्रात नेमकं हेच लिहिलंय. बायकोच्या तोंडातून रक्त आलं की ती गेली असं समजून तो निरोप घ्यायचा, ती सावरायची, तो आशा धरायचा, की पुन्हा रक्त. दरवेळी तिचं मरण त्याने पुरतं भोगलं. मग ‘रेव्हन’ दोन वर्षं आधीच लिहून झाली यात नवल ते काय? आणि त्याची आई गेल्यापासूनच त्याच्या घरातलं मरण कुठे संपलं होतं?

हे सरांना सांगायचं राहून गेलं.

चौथ्या वेळी डॉक्टरांनी फोन केला, तेव्हा मी कुणालाच बोलावलं नाही. ती गेली. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि मागे सरतोय तोवर कावळा शिवलासुद्धा. भटजी म्हणाले, “समाधानाने गेल्या हो.” मला वाटलं, अजून थोडा वेळ बसवून ठेवलं असतं तरी चाललं असतं.