सहा अक्षरांचं बोट

टायपिंग शिकवणाऱ्याचं निम्मं काम शब्द शोधण्याचं असतं. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही घड्याळ लावून नुसते बसतो. विद्यार्थ्याचं बोट जिथे अडतं, नेमकी तीच अक्षरं असलेले इंग्रजी शब्द हुडकायचे, त्यांच्या ओळी करायच्या आणि त्याच्यापुढे ठेवायच्या. करंगळी लुळी पडत असेल तर क्यू, झेड आणि पीचे शब्द. डावं-उजवं होत असेल तर ई आणि आयचे, कारण ती दोन्ही मधल्या बोटांची अक्षरं आहेत आणि नवा पोर हमखास त्यांचीच अदलाबदल करतो. ‘ए एस डी एफ जी एफ’ बडवून बोटांना जागा कळते, पण वेग शब्दांनीच येतो.

माझी इन्स्टिट्यूट भोसरीत आहे, एमआयडीसीच्या अंगाला. एका सकाळी पहिली बॅच सुटताना एक मुलगा दारात आला. उजवा हात खिशात. पॉवर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली होती. कंपनीने ‘स्टोअरला बसवू, पण टायपिंगचं सर्टिफिकेट आण’ असं सांगितलं होतं. त्याने एवढंच विचारलं, “सर, नऊ बोटांनी तीस होतं का?”

मिनिटाला तीस शब्द म्हणजे दीडशे ठोके, कारण परीक्षेत पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. मी म्हटलं, “बस आधी.”

उजव्या तर्जनीकडे सहा अक्षरं असतात: वाय, यू, एच, जे, एन, एम. इंग्रजी मजकुरात कोणतं अक्षर किती वेळा येतं याचे आकडे प्रसिद्ध आहेत. ते मांडले तर या सहांची बेरीज शंभरात वीसच्या आसपास जाते. सर्वांत जास्त भार एन आणि एचचा. ज्या जेवर ते बोट दिवसभर टेकलेलं असतं, ते बिचारं हजारात एकदोनदा येतं. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल हे जुन्या वर्णानुक्रमाचे अवशेष आहेत. १८७०च्या दशकात शोल्सने टाइपरायटरची कळपाटी बसवली तेव्हाचे. जेला ती मोक्याची जागा कामावरून नाही, वारसाहक्काने मिळालेली आहे.

मी त्याचा उजवा हात एक घर आत सरकवला. मधलं बोट जेवर, अनामिका केवर, करंगळी एलवर. जेच्या कळीवर उंचवटा असतो, तो आता मधल्या बोटाला लागू लागला. वाय डाव्या तर्जनीला दिला, तिला तो टीच्या शेजारीच पडतो. उरलेली पाच अक्षरं मधल्या बोटाची.

आता शब्द. आमच्याकडे एक जुनं लिनक्सचं मशीन आहे, त्यात लाखाच्या आसपास इंग्रजी शब्दांची साधी फाइल येते. चौकटी कंसात अक्षरं लिहून हुकूम दिला की तेवढ्याच अक्षरांचे शब्द समोर येतात. आधी डाव्या हाताची पंधरा अक्षरं टाकली, म्हणजे शाबूत हात तरी पळू लागेल: आफ्टर, ग्रेट, ॲव्हरेज, ॲड्रेस, एक्झॅजरेटेड. त्यातला लांबलचक ‘स्ट्युअर्डेसेस’ बघून तो हसला. फाइलमध्ये ॲपॉस्ट्रॉफी एस लागलेली रूपं ढिगाने असतात, ती उपटून टाकण्यातच माझा पहिला चहा गेला.

मग नुसती ती सहा अक्षरं. यादी इवलीशी आली: हम, नन, हिम (स्तोत्र या अर्थाचा, एच-वाय-एम-एन), मम, यमी, मम्मी आणि असेच काही. गेलेल्या बोटाचे शब्द असे मोजकेच. तो म्हणाला, “मम्मी टाइप करायची वेळ नाही येणार ना परीक्षेत?” नाही येत. परीक्षेचा उतारा असतो पत्राचा, निवेदनाचा. तिथे म्युनिसिपल, ॲन्युअल, अमाउंट, कम्युनिटी, मंथ, जानेवारी. एकाच बोटाला लागोपाठ पळायला लावणाऱ्या जोड्या, यू-एन, यू-एम, एच-यू, एन-यू, यांचे शब्द मी वेगळे काढले आणि मागे ठेवले. पहिल्या पानावर घेतले ते एच किंवा एनच्या आधी-नंतर डावा हात येतो असे: द, दॅट, दीज, नीअर, अँड, एंटर. ‘टी-एच’ ही इंग्रजीची फार मोठी मेहेरबानी आहे, हात आलटून-पालटून पडतात आणि मधल्या बोटाला उसंत मिळते.

दुपारपर्यंत बरं चाललं. मग त्याची करंगळी दुखू लागली. हात सरकवल्यामुळे ओ करंगळीकडे गेला होता आणि इंग्रजीत ओवाचून दोन ओळी होत नाहीत: ऑफ, टू, फॉर, यू, नॉट. मी दुसऱ्या मुलांकडे वळलो की तो गुपचूप अनामिकेने ओ मारत होता. मी दटावलं. तो म्हणाला, “पण सर, चुकत नाहीये.” पान पाहिलं. खरंच चुकत नव्हतं.

म्हटलं ठीक, ओ अनामिकेला. पण हात सरकल्यामुळे आयसुद्धा तिच्याचकडे. मग ‘आय-ओ’ लागोपाठ आले की अनामिका अडखळणार. यंत्राला विचारलं, आय-ओ असलेले शब्द दे. पडदा थांबेचना. ॲप्लिकेशन, एक्झामिनेशन, इन्फर्मेशन, पोझिशन, सेक्शन, युनियन, मिलियन, ओपिनियन. सरकारी इंग्रजीचा कणाच तो. इतकी वर्षं शिकवतो, पण हे इतकं दाट आहे हे पडद्यावर ओळींमागून ओळी सरकताना कळलं.

माझे गुरुजी म्हणायचे, एका कळीला एकच बोट, नियम म्हणजे नियम. दहा बोटांच्या माणसासाठी तो मीही पाळतो आणि पाळायला लावतो. इथे मोडला. पेटी वाजवणारा पुढचा सूर कुठे आहे ते बघून बोट निवडतो, तसं करायचं ठरलं: आयच्या मागून ओ आला तर करंगळी, एरवी अनामिका. त्यासाठी दोन याद्या हव्यात. एकीत फक्त ‘आय-ओ-एन’चे शब्द, दुसरीत ओ आहे पण त्याच्या आधी आय नाही असे. दोन्ही आळीपाळीने, म्हणजे निवड हाताला करावी लागेल, डोक्याला नाही.

आधी ‘आय-ओ-एन’च्या ओळी अगदी सावकाश, अनामिका-करंगळी-मधलं बोट, तीन ठोके एका तालात. चार वाजता बाकीची मुलं गेली तरी तो तिथेच. ‘स्टेशन’ला आधी अडखळला, मग ‘नेशन, रेशन, मोशन’ सरळ निघाले. ‘मोशन’मध्ये एकाच शब्दात दोन ओ, पहिला अनामिकेचा, दुसरा करंगळीचा. तो बरोबर पडला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पुढच्या शब्दाला लागला. वेग तिसाच्या जवळपासही नव्हता. माझ्या दृष्टीने तो प्रश्न मिटला होता, कारण चुका आता जागा धरून होत्या, विखुरलेल्या नव्हत्या. जागा धरलेली चूक यादी देऊन काढता येते.

जेची यादी मात्र लंगडी झाली. जस्ट, जज, जून, जुलै, सब्जेक्ट, प्रोजेक्ट, मेजर, एवढ्यावर पान भरेना. अडगळीतले शब्द घालून पान सजवायचं माझ्या जिवावर येत होतं. तो मागे उभा राहून वाचत होता.

“सर, जिग राहिलं की. आणि जॉब, जॉ, जॅक. जिगमध्ये बुशिंग बसवतात ते जिग बुश. स्टोअरला हेच लिहायचंय मला.”

“स्पेलिंग सांग,” मी म्हटलं, आणि तो सांगत गेला तसं टाइप करत गेलो.