आमची वाटचाल: भाड्याच्या बागेतले डेकिंग

आमचा मूळ व्यवसाय पुण्यात फर्निचर दुरुस्तीचा. 2020 च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणारी मंडळी बाल्कनी आणि गच्चीवर बसण्याजोगी जागा मागू लागली, तेव्हा एकमेकींत अडकणाऱ्या डेक टाईल्स (उघड्यावर बसण्याच्या जागेसाठी जोडत जायच्या तयार फरश्या) बसवून देण्याचे काम आम्ही हाती घेतले. गच्चीवर ते सोपे असते, कारण खाली पक्की फरशी असते आणि पाण्याचा उतार आधीच काढलेला असतो. आमच्या कामाला खरे वळण लागले ते तळमजल्याच्या सदनिकांबरोबर मिळणाऱ्या लहान बागांमुळे. येथे राहणारे बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर असतात, घरमालकाला खोदकाम किंवा काँक्रीट नको असते, आणि घर सोडताना बाग जशी होती तशी परत केली नाही, तर अनामत रकमेचा प्रश्न उभा राहतो.

पुण्याच्या अनेक भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे सगळे वरखाली करते. त्यामुळे आम्ही गवत काढून वरची सैल माती सारखी करतो, तिच्यावर जिओटेक्स्टाईल (पाणी झिरपू देणारे कृत्रिम धाग्यांचे) कापड अंथरतो, त्यावर बारीक खडीचा दीड-दोन इंचांचा थर देऊन तो धुम्मसाने ठोकतो आणि भिंतीपासून दूर, दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर असा उतार ठेवतो. कापड असल्याने खडी मातीत रुतत नाही आणि निघताना ती गोळा करून नेता येते. मातीवर आम्ही लाकडी पट्ट्यांऐवजी डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या) टाईल्स सुचवतो, कारण वाळवीची भीती राहत नाही; मात्र मे महिन्याच्या दुपारी त्यांच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, हे आम्ही आधीच सांगतो.

या टाईलला बाजारात फुटाची टाईल म्हणतात; पण ती असते 30 सेंटिमीटरची, म्हणजे फुटापेक्षा किंचित लहान, त्यामुळे 100 चौरस फुटांना 100 नव्हे, तर किमान 104 टाईल्स लागतात, आणि कडेच्या कापाकापीसाठी थोड्या जास्त. आमच्या टाईलच्या दोन बाजूंना कड्या आणि दोन बाजूंना खिट्ट्या असतात. नवी टाईल आधीच्या टाईलच्या कड्यांवर वरून दाबली जाते, म्हणून काढताना शेवटची टाईल पहिली उचलावी लागते. मध्येच एखादी ओढली तर खिट्टी तुटते. ड्रेनेजचे चेंबर डेकखाली येत असेल, तर त्यावरच्या टाईलला शेजारच्यांशी जोडणाऱ्या खिट्ट्या आम्ही कापून ठेवतो, म्हणजे सफाईवाला आला की ती सरळ उचलता येते. भिंतीलगत उन्हात फुगण्यापुरती फट सोडतो.

घरमालकाची लेखी संमती आणि कामाआधीची छायाचित्रे मिळाल्याखेरीज आम्ही बागेला हात लावत नाही. तोंडी ‘चालेल की’ घर सोडायच्या वेळी हमखास विसरले जाते. टाईल्स काढून, माती सैल करून देण्याचा आणि ग्राहकाच्या नव्या घरी त्याच टाईल्स पुन्हा बसवण्याचा खर्च आम्ही पहिल्याच दरपत्रकात लिहितो. दोन बागा सारख्या मापाच्या क्वचितच असतात, म्हणून उरलेल्या टाईल्स चांगल्या स्थितीत असतील तर आम्ही परत घेतो. पावसाळ्यात ओल्या मातीवर थर नीट ठोकला जात नाही, तेव्हा त्या महिन्यांत बागेची कामे न घेता आम्ही फक्त गच्च्या आणि बाल्कन्या करतो.